नदी, कोळसा, पोलाद: अमेरिकेचा औद्योगिक मुलूख नकाशावर आणि पायी कसा वाचावा

अमेरिकेत १८२० ते १९५० या काळात वाढलेलं कुठलंही कारखानदारीचं शहर घ्या. ते नेमकं तिथेच का वसलं, कामगारांची घरं टेकडीवर का चढली, नदीकाठची सपाट जमीन आज ओसाड किंवा मॉलखाली का आहे, याचं उत्तर बहुतेक वेळा ऊर्जेत सापडतं. म्हणून अभ्यासाची सुरुवात कारखानदाराच्या चरित्रापासून करू नका. तीन प्रश्न हाताशी ठेवा: ऊर्जा आली कुठून, ती इथवर आणली कशी, आणि काम झाल्यावर उरलेलं टाकलं कुठे? पहिल्या दोन प्रश्नांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. तिसऱ्याकडे सहसा कुणी बघत नाही, आणि जमिनीवर सगळ्यात ठळक खुणा त्याच्याच असतात.

जागा लहान घ्या

पेन्सिल्व्हेनिया राज्यातलं पोलादाचं शहर ‘पिट्सबर्ग’ हा अभ्यासाचा विषय होऊ शकत नाही, तो फार मोठा आहे. ‘मोनोंगाहेला नदीचा होमस्टेड ते ब्रॅडॉक हा सहा-सात किलोमीटरचा पट्टा’ हा विषय होतो. एवढ्या पट्ट्याचे जुने नकाशे दोन-तीन आठवड्यांच्या संध्याकाळी बघून होतात आणि प्रत्यक्ष फिरायला दोन दिवस पुरतात. पट्टा निवडताना नदी, कारखाना, वस्ती आणि कचऱ्याची जागा या चारही गोष्टी त्यात येतील असं बघा. कारखान्याच्या कुंपणापाशी अभ्यासाची हद्द आखली की अर्धी गोष्ट बाहेर राहते.

न्यू जर्सीत राहत असाल तर पॅटरसन जवळ पडेल. पसेइक नदीचा ७७ फुटी धबधबा, १७९१ साली अलेक्झांडर हॅमिल्टनच्या पुढाकाराने स्थापन झालेली कंपनी आणि तिने काढलेले पाटाचे कालवे तिथे आजही बघता येतात. बोस्टनकडे असाल तर लॉवेल. टेक्ससमध्ये ब्यूमाँटजवळचं स्पिंडलटॉप, जिथे १० जानेवारी १९०१ ला तेलाचा फवारा उडाला. पुण्यात किंवा कोल्हापुरात बसूनही यातला मोठा भाग करता येतो, कारण लागणारे नकाशे आणि हवाई छायाचित्रं बहुतांशी सरकारी आहेत आणि फुकट उतरवून घेता येतात.

पाण्याचा हिशेब: लॉवेल

पाण्यावर चालणाऱ्या शहरापासून सुरुवात केली तर पद्धत लवकर हाताला लागते, कारण तिथे ऊर्जा डोळ्यांना दिसते. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेलला मेरिमॅक नदी पॉटकेट धबधब्यापाशी सुमारे ३२ फूट, म्हणजे जवळपास १० मीटर उतरते. १७९६ चा पॉटकेट कालवा मुळात लाकूड आणि माल धबधब्याला वळसा घालून नेण्यासाठी होता. १८२० नंतर बोस्टनच्या भांडवलदारांनी तोच कालवा गिरण्यांचं पाणी वाहून आणायला वापरला आणि १८२३ मध्ये पहिली गिरणी सुरू झाली. पुढे कालव्यांचं जाळं नऊ किलोमीटरचं झालं.

आधी कागदावर हिशेब मांडा. किलोवॅटमध्ये शक्ती = ९.८१ × प्रवाह (घनमीटर प्रति सेकंद) × उतार (मीटर) × कार्यक्षमता. सेकंदाला एक घनमीटर पाणी ९ मीटर खाली सोडलं तर सैद्धांतिक शक्ती ८८ किलोवॅट होते. जुन्या टर्बाइनची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर हाती ६६ उरतात. आता नकाशा बघा. लॉवेलमध्ये हा उतार सरसकट एकदाच वापरलेला नाही. बऱ्याच ठिकाणी तो १३ आणि १७ फुटांच्या दोन पायऱ्यांत विभागला आहे. वरच्या कालव्यावरची गिरणी पाणी वापरून खालच्या कालव्यात सोडते आणि खालची गिरणी तेच पाणी पुन्हा वापरून नदीत सोडते. गिरण्यांच्या रांगा कालवा आणि नदीच्या, किंवा दोन कालव्यांच्या, मधल्या पट्टीतच का आहेत ते इथे कळतं.

इमारती लांब, अरुंद आणि चार-सहा मजली का? टर्बाइनची ताकद दांडे, चाकं आणि पट्ट्यांवरून प्रत्येक मजल्यावर जायची, आणि कामाला खिडकीतून येणारा उजेड लागायचा. रुंदी वाढवली की मधले माग अंधारात जात. इमारतीचा आकारसुद्धा ऊर्जेनेच ठरवलेला आहे, हे रुंदी मोजून पडताळा.

नवशिके इथे एका ठिकाणी हमखास फसतात. उंच धुरांडं दिसलं की ‘ही वाफेवरची गिरणी’ अशी नोंद करून मोकळे होतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक गिरण्या पाणी आणि वाफ दोन्ही वापरत होत्या. नदी आटली की बॉयलर पेटवायचे. खात्री हवी असेल तर १८८० च्या जनगणनेसोबत तयार झालेले देशभरच्या जलशक्तीचे अहवाल आणि त्या काळचे विमा-नकाशे, दोन्ही काढा.

लॉवेलचा अभ्यास करताना मुंबई वाटेत येतेच. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेचा कापूस अडला, लॉवेलच्या बऱ्याच गिरण्या थंडावल्या आणि त्याच चार वर्षांत मुंबईचा कापूसबाजार तेजीने फुगला. तो पैसा मुंबईच्या समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्यांत गेला. मेरिमॅकच्या काठावरचे ओस पडलेले माग आणि मुंबईची किनारपट्टी एकाच टंचाईने बदलली.

कोकभट्ट्या मोजणं

पोलादाचा भूभाग समजायचा तर झोतभट्टीपाशी, म्हणजे खनिज वितळवून लोखंड काढणाऱ्या भट्टीपाशी, थांबू नका, तिच्या मागे जा. एक टन बिडासाठी (झोतभट्टीतून निघणाऱ्या कच्च्या लोखंडासाठी) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ढोबळमानाने दोन टन लोहखनिज, एक टन कोक आणि अर्धा टन चुनखडी लागायची. कोक म्हणजे हवा कोंडून भाजलेला दगडी कोळसा. एक टन कोकला साधारण दीड टन कोळसा जातो. ही चार प्रमाणं पाठ करून ठेवा.

पिट्सबर्गच्या आग्नेयेला कॉनल्सव्हिलच्या पट्ट्यात हा कोक मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराच्या विटांच्या भट्ट्यांत तयार होई. आतला व्यास सुमारे १२ फूट, वर घुमट, घुमटाला भोक. भट्ट्यांच्या माथ्यावरून रूळ जायचे. त्यावरची गाडी, तिकडचे लोक तिला ‘लॅरी’ म्हणतात, भोकातून पाचेक टन कोळसा आत ओतायची. मग दार विटांनी बंद करायचं. आधीच्या भाजणीने तापलेल्या भिंतीच नवा कोळसा पेटवायच्या. झोतभट्टीसाठी ४८ तास, ओतकामाच्या कोकला ७२ तास. त्यानंतर दार फोडून, पाणी मारून, लांब आकड्याने कोक बाहेर ओढायचा आणि समोरच्या कठड्यावरून रेल्वेच्या डब्यात टाकायचा. वायू जळून वरच्या भोकातून आकाशात जाई.

डोंगराच्या कुशीला लावलेली एकेरी रांग आणि मोकळ्या जागेत पाठीला पाठ लावलेली दुहेरी रांग, असे दोन प्रकार शेतात, झुडपांत आजही सापडतात. भिंतीची जाडी धरून दोन भट्ट्यांच्या मध्यांतलं अंतर सुमारे साडेचार मीटर पडतं. म्हणजे रांगेची लांबी कळली की भट्ट्या मोजता येतात. ३०० मीटरची एकेरी रांग म्हणजे सुमारे ६५ भट्ट्या. प्रत्येकी दोन दिवसांत पाच टन, म्हणजे रोजचा अडीच टन कोळसा. सगळ्या मिळून रोज १६० टन कोळसा आत आणि जेमतेम ११० टन कोक बाहेर. उलट दिशेनेही करून बघा: दिवसाला ५०० टन बीड देणाऱ्या एका झोतभट्टीमागे रोज ५०० टन कोक, म्हणजे अशा सुमारे ३०० भट्ट्या आणि ७५० टन कोळसा. एका झोतभट्टीसाठी किती दऱ्या पोखरल्या गेल्या याचा अंदाज या हिशेबाशिवाय येत नाही. मात्र मिळालेला आकडा ही वरची मर्यादा समजा. दुरुस्ती, मंदी आणि संप यांमुळे सगळ्या भट्ट्या क्वचितच एकाच वेळी पेटलेल्या असत.

हे सगळं हललं कशामुळे? पहिल्या महायुद्धाच्या सुमारास यू. एस. स्टील या पोलाद कंपनीने मोनोंगाहेलाच्या काठावर क्लेअरटनला नव्या पद्धतीच्या भट्ट्या बांधल्या. त्यांत वायू वाया न घालवता धरून ठेवला जातो आणि कारखान्यातच जाळला जातो. डांबर, अमोनिया वेगळे काढून विकले जातात. आता कोक खाणीशेजारी भाजण्याचं कारणच उरलं नाही. नदीला बांध आणि लॉक (बोटी वर-खाली नेणारे दरवाजे) होतेच, त्यामुळे कच्चा कोळसा बार्जमधून थेट क्लेअरटनला येऊ लागला. कॉनल्सव्हिलच्या पट्ट्यातल्या भट्ट्यांच्या रांगा पुढच्या दशकांत विझत गेल्या आणि नदीकाठ फुगला. खाली कोळसा शिल्लक असतानाही वरचं गाव संपू शकतं, हे इथे नीट बघा. नकाशावर ‘खाण बंद’ दिसलं की लगेच ‘कोळसा संपला’ असं लिहू नका.

पिट्सबर्गशी आपला एक जुना धागा आहे. १९०२ मध्ये जमशेदजी टाटा अमेरिकेत गेले तेव्हा पिट्सबर्गला पोलाद-अभियंते ज्युलियन केनेडी यांना भेटले आणि त्यांच्या सांगण्यावरून दुसरे अभियंते चार्ल्स पेज पेरिन यांना गाठलं. जमशेदपूरचा पहिला आराखडाही केनेडींच्या कंपनीने केला. दोन्ही ठिकाणांचे नकाशे शेजारी ठेवून तेच तीन प्रश्न विचारा. पिट्सबर्गला सुपीरिअर सरोवराकडचं खनिज बोटीने आणि रेल्वेने कोळशाकडे आलं. साकचीला (आजच्या जमशेदपूरला) जागा ठरवताना मयूरभंजचं खनिज आणि दोन नद्यांचं पाणी जवळ होतं, कोळसा झरियाहून आणायचा होता. दोन्हीकडे भट्ट्या पोलादाच्याच, पण गाव नदीला कुठल्या बाजूने बिलगतं आणि रेल्वे कुठून आत शिरते ते वेगळं.

नकाशे: कुठले घ्यावे आणि ते कुठे फसवतात

तीन प्रकारचे दस्तऐवज एकमेकांवर ठेवायचे असतात.

पहिला, अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचे स्थलाकृतिक नकाशे. १८८४ पासूनचे नकाशे टोपोव्ह्यू या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. जुने साधारण १:६२,५०० प्रमाणाचे, नंतरचे १:२४,०००. उतरवताना जिओटिफ (जागेची माहिती सोबत असलेली चित्र-फाइल) निवडा, म्हणजे क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो आपोआप जागेवर बसतो. नुसतं चित्र घेतलंत तर तेच काम हाताने करावं लागेल. १:६२,५०० वर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर ३१ मीटर भरते, १:२४,००० वर १२ मीटर. त्याहून बारीक फरक या नकाशांवरून सांगायचा नाही. दुसरी अडचण मूळ संदर्भाची, म्हणजे जागांची मापं ज्या पायावरून घेतात त्याची. १९२७ चा संदर्भ आणि आजचा यांत यूटीएम (मीटरमध्ये जागा सांगणारी जाळी) मापाने उत्तर दिशेला सुमारे २०० मीटरांचा फरक येतो. थर नेमका तेवढाच सरकलेला दिसला तर कारखाना हललेला नाही, तुमची सेटिंग चुकली आहे.

१९६० ते ८० च्या दशकांतल्या सुधारित नकाशांवर जांभळ्या रंगात घातलेली भर दिसते. ती हवाई छायाचित्रं बघून केलेली, जागेवर जाऊन न तपासलेली. त्यात नवी इमारत असेल, पण समोच्च रेषा बऱ्याचदा जुन्याच राहिल्या आहेत. कचऱ्याचा डोंगर वाढलेला असूनही नकाशात बुटका दिसतो तो यामुळेच.

दुसरा, सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे. हे काम १८६७ मध्ये सुरू झालं. प्रमाण इंचाला ५० फूट, म्हणजे १:६००. गुलाबी रंग विटांचा, पिवळा लाकडाचा, निळा दगडाचा, करडा लोखंडाचा. पण खरा खजिना बारीक अक्षरांत असतो: शक्ती वाफेची की पाण्याची, इंधन कुठलं, दिवे गॅसचे की विजेचे, रात्री पहारेकरी आहे की नाही. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने यातले पुष्कळ स्कॅन करून खुले केले आहेत. पानावरचं वर्ष बघून गाफील राहू नका. कंपनी जुन्या पानांवर दुरुस्तीचे तुकडे चिकटवून पाठवत असे, त्यामुळे १९२० च्या दशकातल्या खंडात १९५० ची इमारत असू शकते. मोठं करून बघितलं की चिकटवलेल्या कागदाची कड दिसते. आणि हे नकाशे विमा कंपन्यांसाठी होते, म्हणून शहरांचे आहेत. खाणीच्या छोट्या वस्त्या त्यांत अनेकदा नाहीत.

सॅनबॉर्नची पानं तुम्हालाच जागेवर बसवावी लागतील. क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये पानाच्या चारही कोपऱ्यांकडे पसरलेले सहा ते दहा बिंदू घ्या. सगळे बिंदू मधल्या चौकातले घेतले तर कडा वाकतात. बिंदू म्हणून आजही उभ्या असलेल्या इमारती शोधा. या पट्ट्यात पोलाद कारखानदार अँड्र्यू कार्नेगीची दोन ग्रंथालयं चांगली उपयोगी पडतात: ब्रॅडॉकचं १८८९ चं आणि होमस्टेडचं १८९८ चं. रस्त्याचा कोपरा तितका भरवशाचा नसतो, रस्ते रुंद होतात. आधी सॉफ्टवेअरमधलं पहिल्या घाताचं बहुपदी रूपांतर (पॉलिनॉमियल १) वापरा. आरएमएस त्रुटी (सगळ्या बिंदूंची मिळून सरासरी चूक) तीन मीटरच्या आत आली तर पुढे जा. जास्त आली तर सगळ्यात वाईट बिंदू काढून बघा. लगेच ‘थिन प्लेट स्प्लाइन’ या लवचिक रूपांतराकडे वळू नका, ते प्रत्येक चुकीच्या बिंदूलाही निमूटपणे खरं मानतं.

तिसरा, हवाई छायाचित्रं. पेन्सिल्व्हेनियासाठी १९३७ ते ४२, १९५७ ते ६२ आणि १९६७ ते ७२ अशा तीन फेऱ्यांची छायाचित्रं पेन पायलट या संग्रहात जमवलेली आहेत. सावलीची दिशा खालच्या उजव्या बाजूला येईल असं चित्र फिरवून बघा, नाहीतर ढिगारे खड्ड्यांसारखे आणि खड्डे ढिगाऱ्यांसारखे दिसतात.

यांवर आजच्या लायडारची भर घाला. विमानातून लेझर सोडून केलेली ही उंचीची मोजणी झाडांच्या आतली जमीनही दाखवते. तयार मिळणारा एक मीटरच्या चौकोनांचा थर कोसळलेल्या भट्ट्यांना पुरत नाही, कारण साडेतीन मीटरच्या खड्ड्याला त्यात तीन-चारच चौकोन मिळतात. मूळ बिंदूंचा संच घेऊन अर्ध्या मीटरच्या चौकोनांचा थर स्वतः तयार करा आणि त्यावर पाडायच्या कृत्रिम प्रकाशाचा कोन २५ ते ३० अंशांवर आणा. रांग मण्यांसारखी उठून दिसते. याच पद्धतीने पूर्व पेन्सिल्व्हेनियात हॉपवेलसारख्या लोणारी कोळशावरच्या जुन्या भट्ट्यांभोवतीच्या जंगलात दहा-बारा मीटर व्यासाचे सपाट गोल ओटे सापडतात, लाकूड जाळून कोळसा केला त्या जागा. अशी एक लोखंड गाळणारी भट्टी चालू असताना दिवसाला साधारण एकरभर जंगल खाई.

आकडेवारीबद्दल दोन सूचना. १८५० ते १८८० च्या जनगणनांत वर्षाला ५०० डॉलरहून जास्त उत्पादन करणाऱ्या प्रत्येक कारखान्याची नोंद आहे आणि चालकशक्तीचा रकानाही आहे. पण १८८० मध्ये लोखंड-पोलादासारख्या उद्योगांची मोजणी वेगळ्या तज्ज्ञांकडे होती आणि त्यांची मूळ पत्रकं शिल्लक नाहीत. त्या वर्षी कारखाना यादीत नाही म्हणजे तो नव्हताच, असा अर्थ काढू नका. दुसरं, टन नेहमी तपासा. साधा अमेरिकी टन २,००० पौंडांचा (९०७ किलो), पण अँथ्रासाइटच्या (कठीण दगडी कोळशाच्या) जुन्या अहवालांत २,२४० पौंडांचा (१,०१६ किलो) टन असतो. दोन तक्ते न बघता जोडले तर १२ टक्क्यांची खोटी वाढ दिसेल. तेलाचा बॅरल ४२ गॅलनचा, म्हणजे १५९ लिटरचा.

उरलेलं गेलं कुठे

घन कचरा सगळ्यात सोपा. बीड गाळताना वर तरंगणारा काचेसारखा मळ, स्लॅग, टनाला साधारण अर्धा टन निघे आणि तो टाकायला दरी लागे. पिट्सबर्गच्या पूर्वेला नाइन माइल रन या ओढ्याची दरी १९२२ पासून पन्नास वर्षं स्लॅगने भरली गेली. आज त्या ढिगावर समरसेट नावाची घरांची वसाहत आहे. वेस्ट मिफ्लिनला ढिगावर मॉल उभा राहिला. रात्री तिथे लालभडक स्लॅग ओतला जात असताना लोक गाड्या लावून बघायला यायचे. ढिगाचं घनफळ काढायचं तर जुन्या समोच्च रेषांवरून केलेली उंची लायडारच्या उंचीतून वजा करा आणि क्षेत्रफळाने गुणा. जुन्या नकाशात रेषांमधलं अंतर २० फूट असेल तर तीन मीटरहून कमी फरक मोजूच नका, तो नकाशाचाच दोष असू शकतो.

पाण्याच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नका. बंद खाणीत पायराइटला (लोह आणि गंधकाच्या खनिजाला) हवा आणि पाणी लागलं की गंधकाम्ल आणि लोह सुटतं. बाहेर आल्यावर लोह नारिंगी साक्यासारखं बसतं. पण ओढा नारिंगी आहे म्हणून पाणी आम्लधर्मी असेलच असं नाही. वाटेत चुनखडी लागली असेल तर पीएच सहा-सातही येतो. उलट अगदी नितळ पाण्याचा पीएच चारच्या खाली असू शकतो आणि त्यात एकही मासा नसतो. दगडांवर पांढरा थर असेल तर अॅल्युमिनियमचा संशय घ्या. स्लॅगच्या ढिगातून झिरपणारं पाणी याच्या नेमकं उलट, तीव्र अल्कधर्मी असतं आणि दगडांवर चुन्याची पांढरी साय धरतं. म्हणजे पांढऱ्या थराचा उगम रंगावरून ठरत नाही, पीएच पट्टी लावूनच ठरतो. पट्ट्या आणि खिशात मावणारा विद्युतवाहकतेचा मीटर एवढं साहित्य पुरे. वाहकता हजार मायक्रोसीमेन्सच्या वर गेली तर वरच्या अंगाला खाणीचं तोंड शोधा. हातमोजे घाला.

हवेत गेलेलं शोधायचं तर डोनोरा गाव घ्या. ऑक्टोबर १९४८ च्या अखेरीस मोनोंगाहेलाच्या या वळणात गार हवा खाली आणि उबदार हवा वर अशी अडकली. जस्ताच्या आणि पोलादाच्या कारखान्यांचा धूर दरीतच कोंडला आणि वीस माणसं दगावली. पण त्याआधीची हवाई छायाचित्रं बघा. पलीकडच्या वेबस्टरकडच्या टेकड्या उघड्याबोडक्या आहेत. जमिनीवरच्या झाडांनी तो धूर कितीतरी वर्षं आधी नोंदवून ठेवला होता. कारखान्याच्या वाऱ्याच्या दिशेची झाडी वेगवेगळ्या वर्षांच्या छायाचित्रांत मोजणं हा धुराचा इतिहास काढण्याचा चांगला मार्ग आहे.

पायी फिरताना

नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये जा. पानं गळलेली असतात, भट्ट्यांच्या रांगा आणि पायवाटा दिसतात. थंडीच्या सुरुवातीला हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा भडक नारिंगी जाकीट घाला. ऊन वाढलं की गोचिडी निघतात. पँट मोज्यांत खोचा आणि घरी आल्यावर अंग तपासा, लाइम रोग हलका घेण्यासारखा नाही. रेल्वेचे रूळ खाजगी मालकीचे असतात, त्यांवर चालणं गुन्हा आहे. जुन्या भट्टीत शिरू नका, घुमटाच्या विटा एकमेकींच्या आधाराने थांबलेल्या असतात. खाणीच्या तोंडापाशी तर नाकही नेऊ नका, तिथे प्राणवायू नसू शकतो आणि ते वासावरून कळत नाही. खाजगी जागेची परवानगी आधीच लेखी घ्या.

रँकिनला कॅरी फर्नेसच्या सहाव्या आणि सातव्या भट्ट्या उभ्या आहेत, १९०७ च्या, ९२ फूट उंच, १९७८ पर्यंत चाललेल्या. हंगामात तिथे मार्गदर्शकासह फेरी असते, ती चुकवू नका. नुसती भट्टी बघून परतू नका. इथलं वितळलेलं बीड गाड्यांत भरून खास पुलावरून पलीकडे होमस्टेडला जाई. तो पूल शोधा आणि पलीकडे कुठे उतरतो ते बघा. होमस्टेडचा कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. त्याच्या जागी आलेल्या वॉटरफ्रंट मॉलमध्ये बारा धुरांडी एका ओळीत राखली आहेत आणि जुलै १८९२ ला संपावरचे कामगार आणि कंपनीने आणलेले पहारेकरी यांच्यात झालेल्या लढाईचं पंपहाऊसही उभं आहे. वाहनतळाची लांबी पावलांनी मोजा आणि सॅनबॉर्नवरच्या कारखान्याच्या लांबीशी ताडून बघा.

मग टेकडी चढा. सपाट जमीन कारखान्याने घेतली, घरं वर ढकलली गेली. पिट्सबर्गमध्ये ७०० हून अधिक सार्वजनिक जिने आहेत आणि १८७० व १८७७ चे दोन उतरणरेल्वे मार्ग (टेकडीच्या चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या गाड्यांचे) अजून चालू आहेत. जिना खाली कुठल्या फाटकाकडे जात होता ते जुन्या नकाशावर लावा. नोंदवहीत प्रत्येक थांब्याला चारच गोष्टी लिहा: जीपीएस बिंदू, कुठल्या वर्षाच्या कुठल्या पानाशी जुळवलं, काय दिसलं, आणि वेगळ्या शाईत तुमचा तर्क. दिसलेलं आणि तर्क एका वाक्यात मिसळले की सहा महिन्यांनी तुमचं तुम्हालाच वेगळं करता येत नाही.

कारखान्याखालची गल्ली

शेवटी नकाशावर माणसं ठेवा, तोवर अभ्यास अर्धाच आहे. अमेरिकी जनगणनेची घरोघरची पत्रकं ७२ वर्षांनी खुली होतात. १९५० ची २०२२ मध्ये झाली, १९६० ची २०३२ मध्ये होतील. होमस्टेडमध्ये रूळ आणि नदीच्या मधल्या सपाटीवर दाट वस्ती होती, तिला लोक ‘द वॉर्ड’ म्हणत. १९४१ मध्ये युद्धासाठी कारखाना वाढवायचा ठरला आणि सुमारे आठ हजार लोकांना तिथून उठवलं गेलं. एप्रिल १९४० च्या पत्रकांत ती वस्ती पाडण्याच्या वर्षभर आधीची आहे तशी सापडते: घर क्रमांक, जन्मदेश, काम, भाडं. आधी गणना-विभागांचे नकाशे काढून वॉर्डचे विभाग कुठले ते ठरवा. रस्त्यांची नावं नंतर बदललेली असू शकतात, म्हणून नावावरून थेट शोधू नका. प्रत्येक घर सॅनबॉर्नवरच्या त्याच क्रमांकाच्या आकृतीवर बसवा आणि तक्त्यात भट्टीकाम, पोलाद लाटणं, मजुरी असे कामाचे प्रकार घाला. मग तीच कुटुंबं १९५० च्या पत्रकांत होमस्टेड, रँकिन, ब्रॅडॉकमध्ये शोधा. आडनावांचं स्पेलिंग मोजणीदाराने कानाला आलं तसं लिहिलेलं असतं, विशेषतः स्लोव्हाक आणि हंगेरियन नावांचं, त्यामुळे आडनावाऐवजी मुलांची नावं आणि वयं यांवर जुळवणी करा. जी कुटुंबं सापडतील त्यांचे नवे पत्ते नकाशावर टाका आणि जुन्या घरापासून टेकडीवर किती उंच गेले ते मीटरमध्ये लिहा.